साक्षीचा तारा

मी रोज वहीत चार ओळी लिहिते. हवा कशी होती, घरात कोण आलं, कुणाचं काय दुखलं आणि माझ्या हातून काय चुकलं. संध्याकाळी प्रार्थनेला बसण्याआधी लिहिते, म्हणजे देवापुढे जाताना पोटात काही लपवलेलं राहत नाही. तीस वर्षांच्या वह्या साठल्या आहेत. त्यांत एकच गोष्ट मी मुद्दाम लिहिली नाही, कारण तसा शब्द दिला होता. ज्यांना शब्द दिला त्या माझ्या मोठ्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. ज्यांच्यापासून लपवायचं ते त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, गेल्या महिन्यात गेले. आता लपवायला कुणी उरलं नाही, आणि आज चार ओळींत भागणारही नाही.

भाऊजी धंद्याने रफूगार होते. उंदराने कुरतडलेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेली शाल, ठिणगीने जळालेली कोटाची छाती, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि काही झालंच नव्हतं असं होऊन परत जायचं. कुणी "जरा ठिगळ मारून द्या" म्हणालं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "ठिगळवाला पुढच्या गल्लीत," एवढंच म्हणायचे आणि कपडा परत सरकवायचे. मग गिऱ्हाईक ओशाळून "रफू, रफू म्हणायचं होतं" असं म्हणेपर्यंत मान वर करायचे नाहीत.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. खिडकीखाली टेबल, त्यावर अर्धं काळं आणि अर्धं पांढरं कापड खिळ्यांनी ठोकलेलं. काळा कोट आला की पांढऱ्या बाजूला पसरायचा, पांढरा सदरा आला की काळ्या बाजूला. बाहेरचा धागा ते कधी वापरत नसत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा, भोकावर आधी उभे धागे ताणायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून न्यायचा. नखाएवढ्या भोकाला अख्खी दुपार जायची. झालं की ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची आणि कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन विचारायचं, "कुठे आहे भोक?"

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. सापडलं तर सगळं उसवून पुन्हा करायचे. एकदा एका वकिलाने कोट उजेडात धरला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे काय."

भाऊजींनी चष्मा वर केला. "ती कापडाची गाठ. गिरणीतूनच आलीय. तुमचा साक्षीदार फुटला, वकीलसाहेब."

जाऊबाई त्यांच्या डाव्या अंगाला छोट्या स्टुलावर बसायच्या. शिवणीतून धागे काढणं आणि सुया ओवून ठेवणं हे त्यांचं काम. त्या डावखुऱ्या. भाऊजी म्हणत, "आमच्या दुकानाला दोन बाह्या आहेत. उजवी मी, डावी ही." दोघांचं दिवसभर काहीतरी चालायचं.

"अगं, ही सुई ओवलीस की नुसता आशीर्वाद देऊन ठेवलीस?"

"ओवलीय. कोट करडा, धागा करडा, आणि बघणारेही आता करडेच झालेत."

मूलबाळ नव्हतं त्यांना. त्याचं दुःख त्यांनी कधी उघड्यावर मांडलं नाही. घरात आम्ही चौघं, भाऊजी-जाऊबाई खाली, मी आणि आमचे हे वर. आमचे हे गोदीवर कारकून होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. त्यामुळे मी दिवसाचा बराच वेळ पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर निवडणं-टिपणं घेऊन बसलेली असे. जे लिहिते आहे ते त्या उंबऱ्यावरून पाहिलेलं आहे.

आता त्या ताऱ्याचं सांगायला हवं.

भाऊजी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांचा एक नियम होता. सप्तर्षींच्या शेपटीत तीन तारे आहेत, त्यातला मधला. सहज पाहिलं तर एकच. नजर चांगली असेल तर त्याला खेटून दुसरा, अगदी बारीक, दिसतो. लोक त्यांना वसिष्ठ आणि अरुंधती म्हणतात. उस्ताद त्यांना कापड आणि धागा म्हणायचे. निरभ्र संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघायचं. दोन दिसले तर उद्या सुई धरायची. एकच दिसला तर सुई खाली ठेवायची, कायमची. "परक्याच्या कपड्यावर आपलं म्हातारपण शिवायचं नाही," असं ते म्हणत. आणि एकट्याने बघायचं नाही. पोटाचा प्रश्न आला की माणसाचा डोळाही खोटं बोलतो, म्हणून शेजारी एक साक्षीदार हवा.

उस्ताद स्वतः चोपन्नाव्या वर्षी एका संध्याकाळी गच्चीवर "एक" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुयांची डबी भाऊजींच्या हातात ठेवली आणि एका गोदामाच्या दारात राखणदार म्हणून बसले. भाऊजी त्यांना भेटायला जायचे. ते सांगायचे, "दिवसभर मांडीवरच्या पंच्याचे धागे मोजत बसलेले असायचे. उलटे, सुलटे. चार महिन्यांत गेले." हे सांगताना भाऊजींचा आवाज नेहमी खाली यायचा. त्यांना मरणाचं भय नव्हतं, त्या गोदामाच्या दाराचं होतं.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाऊबाईंना गच्चीवर नेलं होतं. बोट दाखवून विचारलं, "किती?"

"दोन," जाऊबाई म्हणाल्या.

"दोन," भाऊजी म्हणाले, आणि दोघं खाली आले. तेव्हापासून बेचाळीस वर्षं हे चाललं. हिवाळ्यात सप्तर्षी संध्याकाळी वर नसतात, तेव्हा पहाटे. ढग असले तर सुट्टी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. वाळलेले कपडे काढता काढता जाऊबाई "दोन" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

"अगं, बघ तरी."

"बघितलं. दोनच आहेत. तिसरा झाला तर कळवीन."

मला पहिले काही दिवस एकच दिसला. भाऊजींनी शिकवलं, "थेट रोखून बघू नकोस. जरा बाजूला बघ, तिच्याकडे लक्ष नाही असं दाखव. मग ती आपणहून पुढे येते." तसं केलं आणि ती दिसली, तांदळाच्या कणीएवढी. एकदा शाळेतले मास्तर कोट घेऊन आले होते. ते म्हणाले, "दुर्बिणीतून पाहिलं ना, तर तो मोठा तारासुद्धा एकटा नाही. तोच मुळात दोन आहे."

भाऊजी सुईवरची नजर न काढता म्हणाले, "असेल. पण मी दुर्बीण लावून रफू करत नाही."

जाऊबाईंबद्दल गल्लीत एक तक्रार होती. बाई गर्विष्ठ आहे म्हणायचे. रस्त्यात समोरून कुणी आलं, हसलं, हात केला, तरी त्या सरळ निघून जायच्या. माझी आई एकदा मला भेटायला आली. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तिने जाऊबाईंना हाक न मारता नुसता नमस्कार केला. जाऊबाईंनी बघितलं आणि चालू लागल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या जावेला आम्ही दिसत नाही गं," ती म्हणाली. मी पुढे वर्षभर जाऊबाईंशी कामापुरतंच बोलले. त्या वर्षाच्या वह्यांत त्यांच्याविषयी बरंच वाईट लिहून ठेवलंय मी. फाडून टाकावंसं वाटतं, पण फाडत नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका पहाटे मी प्रार्थनेसाठी उठले, पाणी प्यायला खाली आले, तर पुढच्या खोलीत दिवा होता. दार ढकललं. भाऊजींच्या खुर्चीत जाऊबाई बसल्या होत्या. समोर पांढऱ्या बाजूवर काळा कोट. नाक कापडाला टेकेल इतकं वाकून त्या कात्रीच्या टोकाने काहीतरी उसवत होत्या.

"जाऊबाई, हे काय?"

"दार लोट आधी. थंडी येतेय."

मी दार लोटलं. त्यांनी कोटाची छाती माझ्यापुढे केली. भाऊजींनी आदल्या दिवशी पुरं केलेलं रफू होतं ते. धागा तीन-तीन उड्या मारत गेलेला, कडेला वळ उठलेला, जखम बरी झाल्यावर कातडीला येतो तसा. मला क्षणभर वाटलं, कुणा दुसऱ्याचं काम आहे.

"हे भाऊजींचं?"

"दोन वर्षं झाली. आधी कधीतरी व्हायचं. आता रोजचंच. ते उठायच्या आत मी उसवते आणि करून ठेवते. बघून बघून हात बसलाय माझा."

"पण ते तर रोज म्हणतात, दोन."

"म्हणतात."

"आणि तुम्ही? तुम्हीही म्हणता."

त्या हसल्या, आवाज न करता. "मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतेय. धाकटे, मला कधीच दोन दिसले नाहीत. दोन सोड, तो एकसुद्धा धड दिसत नाही. वर बघितलं की नुसतं पीठ सांडल्यासारखं दिसतं. लहानपणापासून मला हाताच्या अंतरापलीकडचं सगळं असंच आहे."

मी त्यांचं स्टूल ओढून जवळ बसले.

"मग त्या पहिल्या दिवशी?"

"नवीन लग्न. ह्यांनी हात धरून वर नेलेलं. चेहरा असा, की मी नाही म्हटलं असतं तर आभाळ परत करून आले असते. मला वाटलं, एकदा 'दोन' म्हणायला काय जातंय. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. मग कुठल्या दिवशी सांगणार होते?"

"चष्मा तरी घ्यायचा होता."

"चष्मा लावला की पहिला प्रश्न येणार, कधीपासून दिसत नाही? एक टाका चुकला की तो दिसेपर्यंत मागे उसवत जावं लागतं. माझा पहिलाच चुकलाय गं. सगळं लग्न उसवावं लागलं असतं."

तेव्हा मला माझी आई आठवली, रस्त्यापलीकडे हात जोडून उभी असलेली. एका 'दोन'साठी या बाईने रस्त्यावरची सगळी माणसं गमावली होती, आणि लोक तिला गर्विष्ठ म्हणत होते, आणि त्या लोकांत मीही होते.

मी म्हटलं, "त्यांना आता सुई ठेवायला सांगा, जाऊबाई. डॉक्टरांकडे नेऊ."

"नेलं होतं. डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय म्हणाले, त्याला औषध नाही. हे डॉक्टरांना म्हणाले, मला चांगलं दिसतं, बायकोने उगाच आणलं." त्यांनी दोरा दाताने तोडला. "सुई सुटली तर हा माणूस त्या गोदामाच्या दारात जाऊन बसेल. गोदाम नसलं तरी बसेल. तू बोलू नकोस. तुझ्या त्या वहीतही लिहू नकोस. देवाला सांगायचं तर सांग, तो कुणाला सांगत नाही."

त्या दिवसाच्या पानावर माझ्या हातचं एवढंच आहे: थंडी. आभाळ स्वच्छ.

मी आयुष्यात जाणून खोटं बोलले नव्हते. खोटं बोलणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, असं मी रोज देवाला समजावत असे. त्याने कधी मान डोलावल्याचं जाणवलं नाही. तरी गप्प बसले. संध्याकाळी गच्चीवर "किती?" "दोन." "दोन." ऐकलं की कपड्यांची घडी घालताना माझे हात थांबायचे. मला तर खरंच दोन दिसायचे. मी काही म्हणत नसे, मला कुणी विचारत नसे.

गिऱ्हाईक येत राहिलं. "कुठे आहे भोक?" भाऊजी विचारायचे, आणि भोक कुणालाच सापडायचं नाही. जाऊबाई धागे काढत मान खाली घालून बसलेल्या असायच्या. मधे एकदा मी माझा वाचायचा चष्मा करायला गेले. चष्मेवाल्याने सांगितलं, काही माणसांना लांबचं अजिबात दिसत नाही, पण जवळचं असं दिसतं की सोनाराने हेवा करावा. मी घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. त्यांचा हात धाग्यावर थांबला.

"म्हणजे तारा दिसणं आणि धागा दिसणं एक नाही?"

"नाही म्हणे."

त्यांनी हातातला धागा पुरा ओढून काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पहिल्या दिवशी खरं बोलले असते, तरी मला सुई धरता आली असती. उजेडात." आणि पुढे, "असो. उस्तादांना कोण सांगणार आता." नंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरण्याच्या सुमाराला त्यांच्या छातीत पाणी झालं. सहा आठवडे अंथरुणात होत्या. त्या काळात भाऊजींनी नवीन काम घेतलं नाही, बायको आजारी आहे म्हणून. जाऊबाईंनी मला सुयांची डबी मागितली, सगळ्या रंगांची रिळं मागितली आणि पडल्या पडल्या सुया ओवायला सुरुवात केली. ओवायची, धागा गुंडाळायचा, सुयांच्या छोट्या उशीला टोचायची. साठ सुया झाल्या. घरात रिळं होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"बाहेरचा धागा वापरत नाहीत ना भाऊजी?" मी म्हटलं.

"शिवणीतून धागा काढणं आता त्यांना जमणार नाही. असू देत. काही लागलं तर."

शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरला. "संध्याकाळी ते तुला वर बोलावतील. किती विचारतील. दोन म्हण."

"मला दोनच दिसतात, जाऊबाई."

"मग बरं. तुला पाप नाही लागणार." आणि हात न सोडता म्हणाल्या, "माझं मात्र सांगू नकोस. काही झालं तरी."

मी शब्द दिला. तीन दिवसांनी त्या गेल्या.

हिवाळाभर दुकान बंद होतं. पहाटे भाऊजी वर गेले नाहीत. खुर्चीत बसायचे, टेबलाच्या काळ्या-पांढऱ्या कापडावरून तळहात फिरवायचे. जेवायला हाक मारली की यायचे, वाढलेलं खायचे. मला गोदामाचं दार डोळ्यांपुढे दिसायचं. ऊन तापायला लागलं, आणि एका संध्याकाळी जिन्यावर त्यांची हाक आली.

"अगं धाकटे. वर ये जरा."

कठड्याला धरून ते उभे होते. चेहरा उत्तरेकडे, पण जरा जास्तच उजवीकडे वळलेला. तिथे काहीच नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी वर पाहिलं. जरा बाजूला पाहिलं. "दोन."

"आहेत तर अजून." ते कठड्याच्या कडेवर नख घासत राहिले. "मला सहा वर्षं एकच दिसायचा. आता तोही नाही. बघेन तिथे डाग आहे."

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकले.

"दचकली नाहीस. म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो, भाऊजी."

"मलाही ठाऊक होतं. पहाटे कात्री वाजायची. आधी वाटलं उंदीर आहे. मग एका सकाळी कोट हातात घेतला आणि बोट फिरवलं. डाव्या हाताची वीण होती. आडवा धागा डावीकडून शिरलेला. डोळे गेले तरी बोटं कुठे जातात? त्या कोटात माझं काहीच नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सुई ठेवावी लागली असती. माझ्याबरोबर तिचीही गेली असती. आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे सांगतो तुला. मी पडून ऐकायचो. दिवसा मी बिघडवायचो, पहाटे ती सुधारायची. दोघांनाही काम होतं." त्यांनी तोंड पुन्हा वर केलं. "पण उस्तादांचा नियम मी मोडला नाही. हे मी कित्येक रात्री मनाशी तपासून पाहिलंय. हात तिचा होता आणि नजरही तिचीच. तिला दोन दिसत होते. ती दोन म्हणायची म्हणून मी दोन म्हणायचो, तिच्या डोळ्यांच्या भरवशावर. ज्या घरात कुणाला तरी दोन दिसतात त्या घरात सुई राहू शकते. बरोबर ना?"

मी हो म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, पुन्हा जरासा चुकवूनच.

"तुला कधी बोलली होती का, की दिसत नाही म्हणून? खरं सांग. तू खोटं बोलत नाहीस."

खाली गल्लीत कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला. मी देवाला मनात हाक मारली, आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"बेचाळीस वर्षांत त्या एकदाही 'एक' म्हणाल्या नाहीत, भाऊजी."

"नाही म्हणाली," ते म्हणाले. "कधीच नाही." आणि कठड्यावरचा हात सोडून जिन्याकडे वळले.

माझं वाक्य शब्दाला शब्द खरं होतं. त्या संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले नाही. बेचाळीस वर्षं ते दोघं रोज वर जात होते, आणि शेवटची सहा वर्षं तर त्या गच्चीवर दुसरा तारा कुणालाच दिसत नव्हता. भाऊजी जाऊबाईंच्या भरवशावर दोन म्हणत होते, जाऊबाई भाऊजींच्या. दिसत होता तो फक्त कपड्यांची घडी घालणाऱ्या मला, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पुढचं दार उघडलं. मला म्हणाले, "एकच काम आहे. मग डबी तुझ्याकडे." जाऊबाईंची राखाडी शाल होती, खांद्यावर कसर लागून वाटाण्याएवढं भोक पडलेलं. ती शाल पांढऱ्या बाजूला पसरली. उशीवरून एक सुई मागितली, "तिने ओवलेली, राखाडी." मी काढून दिली. डोळे मिटून काम करत होते. उघडे ठेवून उपयोगही नव्हता. पाच दिवस लागले. बोटांना सुई टोचून शालीवर दोन बारीक लाल ठिपके पडले, ते मी ओल्या बोटाने पुसले. मग त्यांनी ओलं फडकं मागितलं, इस्त्री मला फिरवायला लावली, आणि शाल माझ्या हातात दिली.

"कुठे आहे भोक?"

ते तिथेच होतं. धागा पाच-पाच उड्या मारत गेला होता, मधे गाठ जमली होती आणि कापड सगळं आक्रसून आलं होतं. डोळ्यांची गरज नव्हती, आंधळ्यालाही सापडलं असतं. मी शाल खिडकीपाशी नेली. परत आणली.

"सापडत नाही," मी म्हणाले.

"नीट बघ."

"उजेडात धरलीय. नाही सापडत, भाऊजी."

त्यांनी हात पुढे केला, शाल घेतली. त्यांचं बोट बरोबर त्या गाठीवर जाऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. त्यांच्या बोटांना काय दिसायचं ते त्यांनी मला गच्चीवर सांगितलं होतं. म्हणजे माझं खोटं त्यांच्या बोटाखाली होतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"साक्षीदार चांगला मिळाला," ते म्हणाले. मग शालीची घडी घालत, "तीही अशीच, लगेच म्हणायची."

त्या क्षणी त्यांना सगळं उमगलं का, ते मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंतर त्यांनी मला कधी "किती?" विचारलं नाही, ना कधी गच्चीवर आले. पुढचं वर्ष-दीड वर्ष ते पुढच्या खोलीत बसून असायचे, मांडीवर ती शाल, आणि अंगठा त्या गाठीवर. मी उस्तादांच्या पंच्याची आठवण मनातून हाकलत असे. पण भाऊजी धागे मोजत नव्हते. नुसता अंगठा ठेवून बसायचे, एखाद्याचा हात धरून बसावं तसे. गेल्या महिन्यात खुर्चीतच गेले.

मी त्यांना सांगायला हवं होतं का, हे देवाला रोज विचारते. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, की एका बाईने त्यांच्यासाठी काय काय बघायचं सोडून दिलं होतं. आणि त्याच वाक्याने सहा वर्षं सांभाळलेला नियम त्यांच्या हातून मोडला असता. दोन्ही एकदमच झालं असतं, एक ठेवून दुसरं काढता आलं नसतं. मास्तर म्हणाले होते, तो मोठा तारा स्वतःच दोन आहे. तसं धरलं तर जाऊबाईंना पीठ दिसो की काही, त्या खोटं बोललेल्या नाहीत. पण अशी पळवाट काढली की मला माझंच गच्चीवरचं वाक्य आठवतं, आणि मी वही मिटते.

काल पुढची खोली झाडली. उशीला एकोणसाठ सुया तशाच आहेत, ओवलेल्या, धागा गुंडाळलेल्या. राखाडीही दोन आहेत. शाल माझ्या कपाटात आहे. उंबऱ्यावर बसून इतकी वर्षं पाहिलंय, प्रयत्न केला तर ती गाठ उसवून मला बऱ्यापैकी रफू करता येईल.

मी ती उसवणार नाही.